डिलनच्या टेपा आणि त्या जपणारे श्रोते

बॉब डिलनचा पहिला अल्बम कोलंबिया कंपनीने मार्च 1962 मध्ये बाजारात आणला, तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा होता. त्यानंतरच्या सहा दशकांत त्याने स्टुडिओत केलेले अल्बम मोजले तर ते चाळिसाच्या आसपास भरतात. मैफली मात्र हजारांत मोजाव्या लागतात. 7 जून 1988 रोजी कॅलिफोर्नियातल्या काँकर्ड गावी जो दौरा सुरू झाला आणि ज्याला चाहते ‘नेव्हर एंडिंग टूर’ म्हणत आले, त्याची तीन हजारावी मैफल एप्रिल 2019 मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक शहरात झाली. अल्बमांचा इतिहास लिहिणे सोपे आहे, कारण ते दुकानांत, ग्रंथालयांत आणि कंपनीच्या कपाटात सुरक्षित आहेत. मैफलींचे तसे नाही. सूर हवेत विरला की संपला. तरीही आज डिलनच्या बहुसंख्य मैफली ऐकता येतात, कोणत्या रात्री त्याने कोणते गाणे कोणत्या क्रमाने म्हटले ते सांगता येते, एखाद्या ओळीत त्याने पहिला बदल कोणत्या गावात केला इथवर मागोवा घेता येतो. हे सगळे प्रामुख्याने श्रोत्यांनी केले. त्यांच्या उत्साहाला आजवर ‘वेड’, ‘व्यक्तिपूजा’, फार तर ‘छंद’ म्हटले गेले. माझ्या मते ते दप्तर राखण्याचे काम होते, आणि रॉक संगीताच्या इतिहासात त्याची नोंद त्याच नावाने व्हायला हवी.

या प्रथेची सुरुवात एका गैरहजेरीतून झाली. 1966 च्या उन्हाळ्यात जगभरचा वादळी दौरा आटोपून परतलेल्या डिलनला न्यूयॉर्क राज्यात वुडस्टॉकजवळ मोटरसायकलचा अपघात झाला आणि तो लोकांसमोरून जवळजवळ नाहीसा झाला. 1967 मध्ये तो आणि पुढे ‘द बँड’ म्हणून नावारूपाला आलेले त्याचे साथीदार वेस्ट सॉगर्टीझमधल्या ‘बिग पिंक’ नावाच्या घराच्या तळघरात निवांत गात-वाजवत बसत. गार्थ हडसन टेपरेकॉर्डर सांभाळे. ही गाणी अल्बमसाठी नव्हती. त्यातली चौदा इतर गायकांना ऐकवण्यासाठी म्हणून बाहेर पडली. इंग्लंडमध्ये मॅनफ्रेड मान यांच्या चमूने 1968 मध्ये त्यातल्या ‘माइटी क्विन’ला लोकप्रिय केले, अमेरिकेत ‘द बर्ड्‌स’ने दोन गाणी उचलली. मूळ टेप मात्र कोणाला विकत मिळत नव्हती. जून 1968 मध्ये ‘रोलिंग स्टोन’ने या टेपा प्रसिद्ध कराव्यात अशी मागणीच पहिल्या पानावर केली. कंपनी ढिम्म हलली नाही. मग 1969 च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसच्या दुकानांत एक दुहेरी तबकडी आली. पांढरेफटक कव्हर, त्यावर कंपनीचे नाव नाही, गायकाचे छायाचित्र नाही, काही प्रतींवर फक्त रबरी शिक्का. ‘ग्रेट व्हाइट वंडर’ या नावाने ती ओळखली गेली. तळघरातली काही गाणी, 1961 च्या डिसेंबरमध्ये मिनिआपोलिसला एका खोलीत ध्वनिमुद्रित झालेली जुनी गाणी आणि दूरदर्शनवरचे एक गाणे, अशी ती सरमिसळ होती. रॉक संगीतातली पहिली गाजलेली ‘बूटलेग’ तबकडी ती हीच. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात गीताला संरक्षण होते, पण ध्वनिमुद्रणाला केंद्रीय कायद्याचे कवच फेब्रुवारी 1972 नंतरच्या मुद्रणांनाच मिळाले. त्या फटीतून हा धंदा फोफावला.

धंदा हा शब्द इथे मुद्दाम वापरला, कारण पुढे जाण्याआधी दोन गोष्टी वेगळ्या करणे आवश्यक आहे. बूटलेग तबकड्या छापून विकणारे लोक पैसे कमवत होते, गायकाला छदाम न देता. मैफलीत चोरून टेप करणारे आणि ती टेप एकमेकांना देणारे श्रोते ही वेगळी जमात. त्यांच्यात अलिखित नियम असा की टेप विकायची नाही. एका टेपेच्या बदल्यात दुसरी द्यायची. ज्याच्याकडे देण्याजोगे काहीच नाही अशा नवख्याने कोऱ्या कॅसेटी आणि परतीचा टपालखर्च पाठवायचा. बूटलेग विकणाऱ्यांनी यांच्याच टेपा उचलून तबकड्या काढल्या, हे खरे, आणि त्याचा राग सर्वांत जास्त यांनाच होता. दोघांना एका माळेत ओवले की या प्रथेचे मर्म हरवते.

1970 च्या दशकात कॅसेट आली आणि कामाला वेग आला. ते काम कसे चाले ते जवळून पाहण्यासारखे आहे. दारावर झडती होई, म्हणून यंत्र कोटाच्या अस्तरात, बुटात किंवा पोटाला बांधून आत न्यायचे. मायक्रोफोन टोपीच्या कडेला किंवा चष्म्याच्या काडीशी लावला तर मान वळवायची नाही, कारण मान वळली की आवाजाची दिशाही वळते. टाळी वाजवायची नाही, शेजाऱ्याशी बोलायचे नाही, आवडते गाणे सुरू झाले तरी ओठ मिटून बसायचे. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते, म्हणून दोन गाण्यांमधली उसंत हेरून अंधारात चाचपडत बाजू पालटायची. सोनीचे ‘वॉकमन प्रोफेशनल’ 1980 च्या दशकात हाती आले तेव्हा खिशात मावणाऱ्या यंत्रावर बऱ्यापैकी स्टिरिओ मुद्रण शक्य झाले. घरी आल्यावर मूळ टेप कपाटात ठेवायची आणि तिची प्रत वाटायची. प्रत्येक प्रतीत थोडा खरखराट वाढतो, म्हणून ही दुसऱ्या पिढीची, ही चौथ्या पिढीची अशी नोंद लेबलावर असे. गाव, सभागृह, तारीख, गाण्यांचा क्रम, कुठे बाजू पालटताना ओळ तुटली, हे सगळे बारीक अक्षरात. मैफलीचा आनंद घ्यायला गेलेला माणूस दोन तास पुतळ्यासारखा बसून स्वतःचा आनंद इतरांसाठी गहाण ठेवतो, याला मी केवळ वेड म्हणू शकत नाही.

टेपांबरोबर अभ्यासही वाढला. इंग्लंडमध्ये जॉन बॉल्डी यांनी 1981 मध्ये ‘द टेलिग्राफ’ हे डिलनला वाहिलेले नियतकालिक सुरू केले. 1985 पासून ‘आयसिस’ निघू लागले. त्यांतून दौऱ्यांचे वृत्तान्त, गीतांचे पाठभेद, ध्वनिमुद्रणांच्या तारखांवरचे वाद छापून येत. मायकेल क्रॉग्सगार्ड या डेन्मार्कच्या अभ्यासकाने डिलनच्या मुद्रणांची सूची पुस्तकरूपाने बांधली. क्लिंटन हेलिन यांनी त्याच्या आयुष्याचा दिवसवार आलेख मांडला आणि बूटलेगचा इतिहासही लिहिला. ही माणसे विद्यापीठांच्या अनुदानावर नव्हती. सुरुवातीची कित्येक वर्षे पदरमोड करूनच हे काम चालले.

या शिस्तीचा पुरावा म्हणून एकच टेप घ्यावी. 1966 च्या दौऱ्यात डिलन मैफलीचा पूर्वार्ध एकट्याने गिटारवर गाई आणि उत्तरार्धात विजेची वाद्ये घेऊन चमूसह उतरे. लोकसंगीताच्या चाहत्यांना तो विश्वासघात वाटे. एका मैफलीत प्रेक्षकांतून कुणीतरी ‘ज्यूडास’ असे ओरडले, आणि डिलनने उलट उत्तर देऊन चमूला आणखी जोरात वाजवायला लावले. 1970 च्या सुमारास ही टेप बूटलेग म्हणून बाहेर आली ती लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचे नाव लावून. वर्षानुवर्षे तेच नाव रूढ राहिले. पण त्या दौऱ्यातल्या निरनिराळ्या टेपा शेजारी शेजारी ठेवून ऐकणाऱ्यांनी आणि त्या रात्री हजर असलेल्यांनी हळूहळू ताळा जुळवला. ती आरोळी लंडनची नव्हतीच. 17 मे 1966 रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये ती घुमली होती. त्या रात्री हजर असलेले सी. पी. ली यांनी पुढे त्या मैफलीवर पुस्तकच लिहिले. 1998 मध्ये कंपनीने तीच मैफल अधिकृतपणे प्रसिद्ध केली तेव्हा मुखपृष्ठावर ‘रॉयल अल्बर्ट हॉल’ हे नाव अवतरणचिन्हांत ठेवावे लागले. चाहत्यांच्या जगात रुळलेले चुकीचे नाव आणि चाहत्यांनीच सिद्ध केलेली दुरुस्ती, दोन्ही त्या मुखपृष्ठावर एकत्र आले.

डिलनच्याच बाबतीत ही प्रथा एवढी का रुजली? ‘ग्रेटफुल डेड’ या चमूने 1984 मध्ये टेप करणाऱ्यांसाठी सभागृहात खास जागा राखून ठेवली. डिलनने तशी मुभा कधी दिली नाही. मनाई असूनही त्याच्या टेपांचा साठा वाढत गेला, याचे कारण त्याच्या गाण्याच्या स्वभावात आहे. ‘टँगल्ड अप इन ब्लू’ या एका गाण्याचा प्रवास पाहा. सप्टेंबर 1974 मध्ये न्यूयॉर्कला ते पहिल्यांदा मुद्रित झाले तेव्हा आरंभीच्या कडव्यांतला नायक ‘तो’ होता. अल्बम छपाईच्या उंबरठ्यावर असताना डिलनने डिसेंबरअखेरीस मिनिआपोलिसला जाऊन दहापैकी पाच गाणी नव्याने मुद्रित केली, आणि या गाण्यात ‘तो’चा ‘मी’ झाला. बाद झालेली न्यूयॉर्कची आवृत्ती नमुना तबकडीवरून चाहत्यांच्या हाती आली. दहा वर्षांनी, 1984 च्या युरोप दौऱ्यावरून निघालेल्या ‘रियल लाइव्ह’ अल्बममध्ये नायक पुन्हा ‘तो’ झालेला होता आणि कडव्यांतला बराचसा मजकूर साफ बदललेला होता. त्यानंतरही चाल, लय आणि ओळी बदलतच राहिल्या. या गाण्याचा खरा पाठ कोणता, हा प्रश्नच फोल आहे. प्रत्येक पाठ त्या रात्रीपुरता खरा. पॉल विल्यम्स यांनी, ज्यांनी 1966 मध्ये ‘क्रॉडॅडी’ हे रॉक समीक्षेचे पहिलेवहिले नियतकालिक काढले, डिलनवर तीन खंड लिहिले ते याच भूमिकेतून. त्याची कला मैफलीत घडते, अल्बम हा त्या कलेचा फक्त एक नमुना, असे त्यांचे म्हणणे. मराठी रसिकाला हे समजावून सांगावे लागू नये. साडेतीन मिनिटांच्या जुन्या तबकडीवरून एखाद्या ख्यालगायकाची थोरवी जोखता येत नाही, ती खासगी मैफलीच्या टेपेत सापडते, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले आहे.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप चोरीचा. कलाकाराने जे प्रसिद्ध केले नाही ते ऐकण्याचा हक्क कुणाला? डिलनने स्वतः 1985 च्या ‘बायोग्राफ’ या संचाच्या पुस्तिकेत बूटलेगबद्दल उघड नाराजी व्यक्त केली आहे. तळघरातल्या किंवा हॉटेलच्या खोलीतल्या टेपांबाबत हा आक्षेप मला मान्य आहे. तिथे माणूस खासगीत गात होता आणि लेखकाची फाडून टाकलेली पाने उचलून छापण्यासारखाच तो प्रकार होता. पण तिकीट लावून हजारो लोकांसमोर केलेले गायन खासगी राहत नाही. ते त्या क्षणी प्रसिद्ध झालेले असते. प्रश्न उरतो तो ते टिकावे की विरावे एवढाच. शिवाय काय राखावे आणि काय टाकावे यात कलाकाराचा निर्णय नेहमी शेवटचा ठरत नाही, हे डिलनच्याच उदाहरणाने सिद्ध झाले आहे. 1983 मध्ये ‘इन्फिडल्स’साठी मुद्रित केलेले ‘ब्लाइंड विली मॅकटेल’ त्याने अल्बममधून वगळले. टेपांच्या देवाणघेवाणीतून ते चाहत्यांपर्यंत पोहोचले आणि त्याच्या श्रेष्ठ गाण्यांत त्यांनी ते मोजायला सुरुवात केली. कंपनीने ते 1991 मध्ये काढले, 1993 मध्ये ‘द बँड’ने स्वतःच्या अल्बममध्ये गायले, आणि 1997 पासून डिलन ते मैफलीत गाऊ लागला. कर्त्याने बाजूला टाकलेले गाणे श्रोत्यांनी चौदा वर्षांनी त्याला परत आणून दिले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

दुसरा आक्षेप असा की हे लोक आंधळे भक्त आहेत, त्यांना सगळेच गोड लागते. दप्तर मात्र वेगळे सांगते. 1991 च्या सुरुवातीच्या युरोप दौऱ्यातले डिलनचे गायन किती ढासळले होते, याची सर्वांत कठोर नोंद त्याच्या चाहत्यांनीच केली आहे. जो माणूस वर्षाला शंभर मैफली ऐकतो त्याला फसवणे अवघड असते. काल याच गाण्यात जीव ओतला होता आणि आज उरकून टाकले, हे त्याला पहिल्या कडव्यातच कळते. उलट दिशेचे उदाहरण नोव्हेंबर 1979 चे. ख्रिस्ती श्रद्धेकडे वळलेल्या डिलनने सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफिल्ड थिएटरमध्ये चौदा मैफली केल्या. त्यांत जुने एकही गाणे नाही, सगळी नवी धार्मिक गाणी. वृत्तपत्रांनी त्यांची खिल्ली उडवली आणि तो निकाल कायम झाल्यासारखा वाटला. पण त्या रात्रींच्या टेपा फिरत राहिल्या, आणि त्या ऐकणारे सांगत राहिले की एवढ्या पोटतिडिकीने डिलन क्वचितच गायला आहे. मुळात धर्माशी देणेघेणे नसलेलेही त्यात होते. 2017 मध्ये त्या काळाचा अधिकृत संच निघाला तेव्हा समीक्षकांचे मत बरेच पालटले. मधली अडतीस वर्षे त्या गायनाची बाजू टेपांनी लढवली. भक्ताला पुरावा लागत नाही. या मंडळींनी तो जमवला.

तिसरा आक्षेप स्मरणरंजनाचा. आवाज घोगरा झालेल्या म्हाताऱ्या गायकाला लोक आपल्या तरुणपणासाठी ऐकायला जातात, असे म्हटले जाते. काही जण जातही असतील. पण डिलनच्या मैफलीत स्मरणरंजनाची सोय फारच तुटपुंजी आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये मिलवॉकीला त्याने नवा दौरा सुरू केला तेव्हा तो ऐंशी वर्षांचा होता, आणि त्या मैफलींचा कणा 2020 च्या ‘रफ अँड रावडी वेज’ या ताज्या अल्बमची गाणी हाच होता. एक दीर्घ गाणे वगळता तो जवळजवळ सगळा अल्बम तो रोज गात असे. साठच्या दशकातली जी गाणी जगाला पाठ आहेत त्यांतली बहुतेक त्याने गाळली, आणि जी घेतली त्यांची चाल ओळखू येऊ नये इतकी बदलली. ओळखीच्या चालीवर सूर मिळवायला आलेला प्रेक्षक अशा मैफलीला दुसऱ्यांदा येत नाही. तरी सभागृहे भरत राहिली. ज्यांना आज तो काय करील याची उत्सुकता आहे तेच हे श्रोते, आणि ही उत्सुकता त्यांना टेपांनी लावली.

उरला तो मुद्दा कंपनीचा. श्रोत्यांनी काही केले नसते तरी कंपनीने आपल्या तिजोरीत सगळे जपलेच असते, असा एक समज आहे. नोव्हेंबर 1993 मध्ये न्यूयॉर्कच्या सपर क्लबमध्ये डिलनने दोन दिवसांत चार मैफली केल्या. त्या व्यावसायिक पद्धतीने मुद्रित झाल्या, चित्रितही झाल्या. पण त्यांतली मोजकीच गाणी अधिकृतपणे बाहेर आली आणि संपूर्ण मैफली आजवर चाहत्यांच्या टेपांतूनच ऐकल्या जातात. जपणे वेगळे आणि लोकांपर्यंत पोहोचवणे वेगळे. जपण्याच्या बाबतीतही तिजोरी अपुरी पडते. 1966 च्या दौऱ्याचा छत्तीस सीडींचा संच 2016 मध्ये निघाला तेव्हा जिथे कंपनीचे मुद्रण नव्हते तिथे प्रेक्षकांत बसून केलेल्या खरखरीत टेपाच वापराव्या लागल्या. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांना दारावर अडवले जात होते त्यांचेच काम विक्रीच्या खोक्यात सन्मानाने जाऊन बसले. हे मोठे संच निघण्यामागे कायद्याचाही रेटा आहे. युरोपीय कायद्यानुसार मुद्रण पन्नास वर्षांत प्रसिद्ध झाले नाही तर त्यावरचा हक्क जातो, म्हणून 2012 च्या अखेरीस डिलनची जुनी अप्रकाशित गाणी युरोपात जेमतेम शंभरेक प्रती काढून ‘प्रसिद्ध’ करण्यात आली. पण कायद्याने फक्त मुदत घालून दिली. त्या गाण्यांना गिऱ्हाईक आहे, कोणत्या रात्री महत्त्वाच्या आहेत, हे कंपनीला श्रोत्यांच्या याद्यांनी दाखवले. 1991 मध्ये सुरू झालेल्या अधिकृत मालिकेचे नावच ‘बूटलेग सीरिज’ आहे.

डिलनचे कागदपत्र 2016 मध्ये ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात गेले आणि मे 2022 मध्ये तिथे बॉब डिलन सेंटर उघडले. वह्या, कच्चे खर्डे, स्टुडिओतल्या मूळ टेपा तिथे अभ्यासकांना पाहता येतात. ही मोठी सोय झाली. मात्र तेवढ्यावर चाहत्यांचे काम संपले असे मानणे घाईचे ठरेल, कारण गायक अजून गातो आहे आणि गेली काही वर्षे त्याच्या मैफलीत शिरताना मोबाइल फोन कुलूपबंद पिशवीत टाकावा लागतो. शेजारच्याच्या पडद्याचा उजेड डोळ्यांत जात नाही, लोक मंचाकडे पाहतात, हा त्याचा फायदा नाकारता येत नाही आणि फोनवर तुकडे चित्रित करणाऱ्यांना मी टेप करणाऱ्यांच्या पंक्तीत बसवणारही नाही. पण मनाई सरसकट आहे. पूर्वी कोटाच्या अस्तरातून यंत्र नेणाऱ्यालाही तिने अडवले असते. मैफलीची टेप दौऱ्याच्या काळात बाहेर फिरू नये ही अट रास्त आहे. ती कुणीच करू नये ही अट इतिहासाचे नुकसान करणारी आहे. 1988 नंतरच्या तीन हजारांहून अधिक रात्रींचे अधिकृत संच आज ना उद्या निघतील. ते काढणाऱ्यांनी प्रत्येक मैफलीशेजारी सभागृह आणि तारीख छापावी, आणि टेप प्रेक्षकांतून आलेली असेल तर ती टिपणाऱ्याची परवानगी घेऊन त्याचे नावही छापावे.